शकुंतलेचा लोंबता हात



पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात पांढऱ्या संगमरवराचं एक लहानसं शिल्प आहे. उंची ९१ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन फूट. तांबड्या संगमरवराच्या बैठकीवर दोन माणसं. पुरुष गुडघ्यांवर आहे. त्यानं स्त्रीला दोन्ही हातांनी कमरेशी वेढलं आहे आणि चेहरा वर उचलला आहे. स्त्री त्याच्यावर झुकली आहे, तिचा चेहरा त्याच्या कपाळाशी टेकला आहे. डोळे मिटलेले आहेत. तिचा एक हात स्वतःच्या छातीशी आहे आणि दुसरा नुसता लोंबतो आहे, जणू त्यातलं सगळं बळ कुणी काढून घेतलंय.

संग्रहालयाच्या नोंदीत या शिल्पाचं नाव ‘व्हेर्त्युम्न आणि पोमोन’ असं आहे. व्हेर्त्युम्न हा रोमन पुराणातला ऋतूंचा देव, तर पोमोन ही फळबागांची देवी. पण शिल्प घडवणारीच्या मनात ही दोघं नव्हती. तिच्या मनात होती आपल्या कालिदासाची शकुंतला आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेला दुष्यंत. शकुंतलेची पोमोन कशी झाली आणि नाव बदलल्यावर दगडात काय उरलं, ते आज सांगायचं आहे.

शिल्पकर्तीचं नाव कामीय क्लोदेल. जन्म ८ डिसेंबर १८६४, उत्तर फ्रान्समधला. वडील सरकारी नोकरीत. हिला लहानपणापासून मातीचं वेड. घरातली माणसं, मोलकरीण, धाकटा भाऊ पोल, सगळ्यांना समोर बसवून ही त्यांचे मुखवटे करायची. नोजाँ-स्युर-सेन या गावी आल्फ्रेद बुशे या शिल्पकारानं तिचा हात ओळखला. १८८१ मध्ये कुटुंब पॅरिसला आलं. पण पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. तो दरवाजा उघडला १८९७ मध्ये. म्हणून कामीय एका खासगी संस्थेत शिकू लागली आणि काही इंग्रज मैत्रिणींबरोबर तिनं भाड्याची कार्यशाळा घेतली. बुशे इटलीला जायला निघाला तेव्हा त्यानं या मुलींना शिकवायची जबाबदारी आपल्या एका मित्रावर सोपवली. तो मित्र म्हणजे ओग्युस्त रोदँ. वयानं तिच्याहून २४ वर्षांनी मोठा. पुढे ती रोदँच्या कार्यशाळेत काम करू लागली. ती त्याची शिष्या झाली, मदतनीस झाली आणि प्रेयसीही झाली.

१८८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिनं शकुंतला हाती घेतली. पहिलं रूप लहान नव्हतं, ते पूर्णाकृती होतं. इंग्लंडमधल्या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ती कळवते की, आपल्याकडे रोज दोन मॉडेल येतात. सकाळी बाई, संध्याकाळी पुरुष. मातीत काम केलेल्या कुणालाही यातले कष्ट कळतील. एवढी मोठी ओली माती दोन शरीरांच्या तोलावर उभी ठेवायची, रोज भिजवायची, रोज ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि समोर एका वेळी एकच माणूस! त्या दोघांची मिठी मात्र शिल्पकर्तीनं आपल्या डोक्यात जुळवायची. १८८८ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, ‘साकुंताला’ या नावानं तिचं प्लॅस्टर मांडलं गेलं आणि त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला. तेव्हा ती २३ वर्षांची होती.

तुम्ही म्हणाल, फ्रान्सच्या खेड्यातून आलेल्या मुलीला शकुंतला भेटली कुठे? तर शकुंतला तिच्या आधीच युरोपात पोहोचली होती. कोलकात्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सनं १७८९ मध्ये ‘शाकुंतला’चं इंग्रजी भाषांतर केलं. त्यावरून १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरनं ते जर्मनमध्ये नेलं आणि गटे त्यावर लुब्ध झाला. फ्रान्समध्ये शेझी या पंडितानं १८३० मध्ये मूळ संस्कृत संहिता फ्रेंच भाषांतरासह छापली. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात शकुंतलेवर बॅले झाला. कथा तेओफिल गोतिएची आणि संगीत एर्नेस्त रेयेचं. तेव्हा पॅरिसच्या वाचणाऱ्या लोकांना ही आश्रमकन्या अगदीच अनोळखी नव्हती.

आता खरी गोष्ट पुढे आहे. शकुंतला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पायातला काटा काढण्याचं निमित्त करून मागे वळून पाहणारी शकुंतला. कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला. राजा रविवर्म्यानं ती घराघरांच्या भिंतींवर नेऊन ठेवली. ही सगळी पहिल्या प्रेमाची चित्रं. क्लोदेलनं निवडला शेवटचा, सातवा अंक. दुर्वासाच्या शापानं राजा तिला विसरला, भर दरबारात त्यानं तिला ओळख दिली नाही, पोटात मूल घेऊन ती अपमानित होऊन निघून गेली. मग कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडली, राजाला सगळं आठवलं, पण ती कुठे होती? वर्षं गेली. मारीच ऋषींच्या आश्रमात अखेर दोघं समोरासमोर येतात. ती मळक्या वस्त्रांत, एका वेणीत, व्रतांनी कृश झालेली. आणि राजा तिच्या पायांवर पडतो.

तो हा क्षण आहे. म्हणून तो गुडघ्यांवर आहे. म्हणून तिचा हात असा लोंबतो आहे.

नाटकाच्या या अंकात एक बारीकशी जागा आहे, ती मला फार मोलाची वाटते. राजाच्या बोटात ती अंगठी शकुंतलेला दिसते. राजा ती तिला परत घालू पाहतो. आणि ती नको म्हणते. या अंगठीवर आता माझा विश्वास नाही, तुम्हीच ती घाला, अशा अर्थाचं ती बोलते. ज्या खुणेवरून नाटकाला ‘अभिज्ञान’ हे नाव मिळालं, ती खूणच शकुंतला शेवटी नाकारते. किती शहाणी आहे ती! अंगठी पाहून ओळखणाऱ्या माणसाला अंगठी हरवली की पुन्हा विसर पडायचा. क्लोदेलच्या शिल्पात तर अंगठी कुठेच नाही. मुकुट नाही, दागिना नाही, वस्त्रही नाही. राजा कोण आणि आश्रमकन्या कोण हे सांगणारी एकही वस्तू तिनं ठेवलेली नाही. दोन शरीरं आहेत आणि त्यांच्यामधला सगळा भूतकाळ त्यांच्या बसण्या-झुकण्यात आहे.

हे त्या काळाच्या वाऱ्याला धरूनही होतं. ज्या वर्षी तिनं शकुंतला सुरू केली, त्याच वर्षी, १८ सप्टेंबर १८८६ रोजी, जाँ मोरेआस या कवीनं ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला होता. वस्तूचं हुबेहूब वर्णन पुरे झालं, बाहेरच्या रूपातून आतली अवस्था सुचवावी, असा त्या मंडळींचा आग्रह. त्या काळच्या चित्रांत आणि शिल्पांत मिटलेले डोळे पुष्कळ दिसतात. मिटलेल्या डोळ्यांचा माणूस आपल्याला काही दाखवत नाही. त्याचं सगळं आत चाललेलं असतं. क्लोदेलची शकुंतला तशीच आहे. ती दुष्यंताकडे पाहतसुद्धा नाही. तिला आता पाहून खात्री करायची नाही.

याच संग्रहालयात रोदँचं जगप्रसिद्ध ‘चुंबन’ आहे. तेही संगमरवरी, पण माणसाच्या उंचीहून मोठं. पर्यटक तिथे गर्दी करतात आणि ते योग्यच आहे, शिल्प थोरच आहे. मी दोन्ही शिल्पांपुढे एकाच दुपारी उभी राहिले. रोदँच्या शिल्पात प्रेमाची सुरुवात आहे. दोघं तरुण आहेत, त्यांना अजून काही सोसायचं आहे. क्लोदेलच्या शिल्पात सोसून झालं आहे. रोदँच्या शिल्पाभोवती फिरताना शरीरांचा डौल दिसतो. क्लोदेलच्या शिल्पाभोवती मी तीन-चार फेऱ्या मारल्या, आणि दर वेळी नजर त्या लोंबत्या हाताशीच येऊन थांबली. मिठीला प्रतिसाद देणारा हात पुरुषाच्या पाठीवर असता. हा तसा नाही. तिनं क्षमा केली आहे, पण हाताला अजून ते कळलेलं नाही. मनाआधी शरीर दमतं आणि मनानंतर सावरतं, हे आजारपणातून उठलेल्या किंवा मोठ्या दुःखातून बाहेर आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता संगमरवराकडे येऊ. प्लॅस्टर स्वस्त असतं, पण ते शिल्पाचं तात्पुरतं घर. पक्कं घर म्हणजे ब्राँझ किंवा दगड, आणि त्याला पैसे लागतात. शिल्पकाराला एक तर सरकार मागणी देतं किंवा कुणी श्रीमंत आश्रयदाता. प्लॅस्टर मांडल्यापासून संगमरवर पुरा होईपर्यंत १७ वर्षं गेली. मूळ प्लॅस्टर १८९५ मध्ये शातोरू या गावच्या संग्रहालयाकडे गेलं, तिथे काही लोकांनी नग्नतेवरून नाकं मुरडली. संगमरवराची संधी दिली काउंटेस द मेग्रे या सरदार घराण्यातल्या बाईनं. १९०५ मध्ये ते पुरं झालं आणि मांडलं गेलं, मूळच्या निम्म्या आकारात. मोठ्यावरून लहान करताना प्लॅस्टरवर ठिकठिकाणी खुणा करतात, कंपासनं अंतरं मोजून ती प्रमाणात कमी करतात आणि दगडात तेवढ्याच खोलीची भोकं पाडत जातात. भोकाच्या तळाशी पोहोचलं की थांबायचं. एक घाव जास्त पडला की संपलं. मातीसारखी इथे भर घालता येत नाही. मूर्ती लहान झाली की बोटं, नाक, ओठ सगळंच नाजूक होतं आणि चूक लपवायला जागा उरत नाही. त्या काळी बहुतेक नामवंत शिल्पकार दगडकाम कारागिरांवर सोपवत. रोदँही सोपवत असे. क्लोदेल मात्र स्वतः छिन्नी चालवण्यात तरबेज होती, आणि तिची ही ख्याती तेव्हाच होती.

पण ही संगमरवरी मूर्ती लोकांसमोर आली ती शकुंतला म्हणून नव्हे. तिचं नाव झालं ‘व्हेर्त्युम्न आणि पोमोन’. ओव्हिडच्या काव्यातली ही कथा शिकलेल्या फ्रेंच माणसाच्या ओळखीची. व्हेर्त्युम्न नाना वेषांतरं करून, अगदी म्हातारीचं रूप घेऊनसुद्धा, पोमोनची मनधरणी करतो आणि शेवटी ती वश होते. गोड कथा आहे. पण तीत विसर नाही, अपमान नाही, वर्षांचा विरह नाही आणि म्हणून क्षमाही नाही. त्याच वर्षी ओझेन ब्लो या व्यावसायिकानं याच रचनेच्या ब्राँझ प्रती काढल्या, त्यांना तिसरंच नाव मिळालं: ‘लाबाँदों’. या फ्रेंच शब्दाची गंमत अशी की त्याचा एक अर्थ समर्पण आणि दुसरा परित्याग. टाकून देणं आणि स्वतःला सोपवून देणं, दोन्ही एकाच शब्दात! नावात शकुंतला नाही, पण शकुंतलेची सगळी कहाणी त्या शब्दात आहे.

योगायोग पाहा. हे सगळं १९०५ चं. त्याच वर्षी आपल्याकडे मिरजेला किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगमंचावर नारायण श्रीपाद राजहंस नावाचा तरुण पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभा राहिला. त्यालाच आपण बालगंधर्व म्हणतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं होतं, त्यालाही पंचवीस वर्षं होत होती. एकीकडे मराठी रसिक शकुंतलेला डोक्यावर घेत होते आणि दुसरीकडे पॅरिसमध्ये संगमरवरातली शकुंतला दुसऱ्याच नावानं लोकांसमोर येत होती. त्या दोन शकुंतलांना एकमेकींची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

मी अनेक वर्षं चित्रकला शिकवली. शाळेतल्या मुलांना मी कधी कधी या शिल्पाचं छायाचित्र दाखवत असे, नाव आणि गोष्ट न सांगता. काय चाललंय ते तुम्हीच सांगा, असं म्हणायचे. मुलं आधी थोडी लाजायची, खुसखुसायची. मग बघायला लागायची. कुणी म्हणायचं, तो माफी मागतोय. कुणी म्हणायचं, ती रडून दमली आहे. एका मुलीनं म्हटलं होतं, “बाई, तो खूप उशिरा आलाय.” ना कालिदास, ना ओव्हिड, तिला कुणाचीच मदत नव्हती. दगडातली गोष्ट तिनं सरळ वाचली. पोमोन म्हणा, परित्याग म्हणा, पाटी कोणतीही लावा. तो हात पोमोनचा होत नाही. तो शकुंतलेचाच राहतो.

शिल्पकर्तीची स्वतःची ओळख मात्र अशी सरळ वाचली गेली नाही. रोदँपासून दूर झाल्यावरही तिच्या कामाकडे लोक त्याच्या नावातून पाहत राहिले. चांगलं झालं तर गुरूचा हात, वेगळं झालं तर शिष्येचा हट्ट. पैशाची ओढाताण, एकटेपणा, आणि रोदँ आपल्या कल्पना चोरतो हा मनात घर करून बसलेला संशय. सेन नदीतल्या बेटावरच्या घरात ती स्वतःला कोंडून घेऊ लागली, आपलीच शिल्पं फोडू लागली. तिला आधार होता वडिलांचा. २ मार्च १९१३ रोजी ते गेले आणि आठच दिवसांनी, १० मार्चला, घरच्यांनी तिला मनोरुग्णालयात ठेवलं. तेव्हा ती ४८ वर्षांची होती. पुढे डॉक्टरांनी घरी नेण्याचं सुचवलं तरी आईनं ते मानलं नाही, आणि आई तिला एकदाही भेटायला गेली नाही. भाऊ पोल मोठा कवी आणि मुत्सद्दी झाला. तीस वर्षांत तो डझनभर वेळा भेटून गेला. शिल्पकलेला तिनं पुन्हा हात लावला नाही. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या मोंदव्हेर्गच्या रुग्णालयात ती वारली. पुढे तिच्या अस्थी सामाईक दफनात गेल्या. आज तिची स्वतंत्र कबर नाही.

तिला भेटायला आलेल्या मोजक्या लोकांत एक होती जेसी लिप्सकोम, तरुणपणी कार्यशाळा वाटून घेतलेली इंग्रज मैत्रीण. १९२९ मध्ये ती नवऱ्याबरोबर एवढ्या लांब आली. त्या भेटीचं छायाचित्र उपलब्ध आहे. दोन म्हाताऱ्या बायका शेजारी बसल्या आहेत. कामीयनं हात आपल्याच अंगाशी दुमडून घेतले आहेत. एके काळी दिवसाचे बारा तास मातीत असलेले ते हात.

ओळख पटली, पण उशिरा. १९५१ मध्ये रोदँ संग्रहालयात तिच्या कामाचं प्रदर्शन झालं, भाऊ पोल त्यामागे होता. पुढच्या वर्षी त्यानं हीच संगमरवरी मूर्ती संग्रहालयाला दिली. १९८० च्या दशकात चरित्रं आली, १९८८ मध्ये इझाबेल आजानीचा चित्रपट आला, आणि २०१७ मध्ये नोजाँ-स्युर-सेन या गावी तिच्या नावाचं संग्रहालय उघडलं. बुशेनं जिथे तिचा हात ओळखला होता, तेच हे गाव.

चित्रपट आणि चरित्रांमुळे एक अडचणही झाली आहे. आता लोक तिच्याकडे रोदँची दुर्दैवी प्रेयसी म्हणून पाहतात. म्हणजे पुन्हा अंगठीच! आधी गुरूच्या नावाची अंगठी दाखवल्याशिवाय तिला ओळख मिळत नव्हती, आता दुःखाची अंगठी दाखवावी लागते. हे शिल्प तिनं सुरू केलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, कामात बुडालेली होती, आणि मनोरुग्णालय २७ वर्षं दूर होतं. आपल्या आयुष्याची भविष्यवाणी करायला ती बसली नव्हती. दूर देशाच्या एका जुन्या नाटकातली क्षमा तिला समजली आणि ती तिनं दोन शरीरांत उतरवली, एवढंच. ही समज तिची स्वतःची होती. तिचं श्रेय तिला द्यायला कुणाच्या दुःखाची साक्ष लागू नये.

कधी पॅरिसला जाण्याचा योग आला, तर ‘चुंबना’पुढची गर्दी पाहून झाल्यावर या तीन फुटी मूर्तीपाशी जरूर या. नाहीच जमलं, तर एखाद्या पुस्तकात तिचं चित्र शोधा. आधी खालचं नाव झाका. मग सावकाश त्या हाताकडे पाहा. शकुंतला तुम्हाला ओळखू येईल.